माईंच्या धाकट्याला थंडी

माईंचा धाकटा फुलत नव्हता. याला दुसरा शब्दच नाही. वय चाळिशीला टेकलेलं, अंगापिंडानं भरलेला, पण नोकरी म्हणाल तर नाही, लग्न म्हणाल तर नाही, एखादं व्यसन तरी म्हणाल तर तेही नाही. माईंच्या खानावळीत चुलीशेजारी एक बाकडं होतं. त्यावर तो लहानपणी जो बसला तो बसलाच. पुढे काय करणार आहेस असं कुणी विचारलं की म्हणायचा, "बघू." घरात त्याला शेंडेफळ म्हणत. त्यात फळ म्हणण्यासारखं काय आहे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती, कारण माईंच्या हातात सदैव झारा असे.

थोरली सून बियाणे केंद्रात कामाला होती. एकदा भांडी विसळताना ती सहज बोलून गेली की तिच्याकडे वाटाण्याचं एक वाण आहे, मोठं हट्टी. कोंब आल्यावर त्याला काही आठवडे केंद्राच्या थंड खोलीत, कडक गारठ्यात ठेवावं लागतं, नाहीतर फूल धरायचं नावच घेत नाही. उबेत ठेवलं तर नुसतं वाढत राहतं. पानंच पानं. बघणाऱ्याला वाटतं, काय छान चाललंय.

माईंच्या हातातलं ताट हातातच राहिलं. त्यांनी वळून बाकड्याकडे पाहिलं. या पोराला त्यांनी जन्मात थंडी लागू दिली नव्हती. चुलीची ऊब, वर दोन पांघरुणं, भर उन्हाळ्यात पायमोजे, आणि जागेवरून हललाच तर हातात गरम दुधाचा पेला. आपल्याच हातानं आपण पोराचं वाटोळं केलं, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्या रडल्याही थोड्या. मग डोळे पुसून म्हणाल्या की याला उद्याच्या उद्या तुझ्या त्या थंड खोलीत बसव.

माणूस म्हणजे वाटाणा नव्हे, हे सुनेनं परोपरीनं सांगितलं. माईंनी एवढंच विचारलं, की तू माणसावर कधी करून पाहिलंयस का? सून शास्त्र शिकलेली आणि स्वभावानं प्रामाणिक. नाही म्हणाली. तिथेच ती हरली.

केंद्राच्या साहेबांची अडचण वेगळीच होती. शीतखोलीत शेंगवर्गीय रोपांशिवाय काहीही ठेवायला मनाई होती. मागे कुणीतरी दह्याचं भांडं ठेवलं, तर केवढा गहजब झाला होता. माई म्हणाल्या, माझा मुलगा जन्मभर डाळी-कडधान्यांवर पोसलाय, शेंगवर्गीय व्हायला आणखी काय लागतं? साहेबांनी नियमांचा कागद काढून पुन्हा वाचला. डाळींवर पोसलेल्याला मनाई त्यात नव्हती. शेवटी धाकट्याच्या गळ्यात 'इतर शेंगवर्गीय' अशी चिठ्ठी अडकवून त्याला दाखल करून घेण्यात आलं. त्याचं स्वतःचं मत विचारलं, तर तो म्हणाला, बघू.

खोली लहान, भिंती पांढऱ्या, मांडण्यांवर ट्रे आणि ट्रेमध्ये बोटाच्या पेराएवढे कोंब. मधे एक स्टूल. त्यावर कोट, कानटोपी घालून धाकटा. माळी सकाळी झारी घेऊन यायचा, ट्रेंना पाणी द्यायचा आणि नियमाप्रमाणे त्यालाही एक पेला. संध्याकाळी त्याची उंची मोजायचा. उंची काही हलत नव्हती, पण साहेबांनी घाई न करण्याविषयी बजावलं होतं.

इकडे माईंचा जीव तीळतीळ तुटत होता. चार दिवस त्यांनी कळ सोसली. पाचव्या दिवशी पदराखाली गरम पाण्याची पिशवी लपवून त्या माळ्याच्या मागोमाग आत शिरल्या आणि ती पोराच्या कोटात सरकवली. त्याचं नाक लाल झालेलं पाहून त्यांना भडभडून आलं. आणि ते कोंब! एवढेसे जीव, कुणी आईबाप नसल्यासारखे गारठ्यात उभे. दुसऱ्या दिवशीपासून माई पिशव्या जास्तीच्या नेऊ लागल्या आणि ट्रेंच्या मधे मधे ठेवू लागल्या. केंद्रात कुणी हटकलंच तर म्हणायच्या, पोराला बघायला आलेय.

पिशव्या सापडल्या तेव्हा सून घरी येऊन माईंसमोर बसली. तिनं आवाज चढवला नाही, म्हणून माई जास्तच घाबरल्या.

"माई, मधेच अशी ऊब मिळाली की कोंब आधीची थंडी विसरून जातात. मग सगळं पहिल्यापासून."

"आणि तो?"

"तुमच्याच हिशेबानं चालायचं, तर तोही."

त्या दिवशी माईंना कळलं की पोराला थंडीत बसवणं सोपं होतं. आपण तिकडे न जाणं हे खरं काम. सुनेनं दाराला कुलूप घातलं आणि माईंनी ते घालू दिलं. पण रोज ठरल्या वेळी त्या दूध तापवायच्या आणि साय धरेपर्यंत त्याकडे बघत बसायच्या. खानावळीत भाजी खारट होऊ लागली. गिऱ्हाइकं निमूट खायची, कारण रिकामं बाकडं सगळ्यांनाच दिसत होतं.

थंडी पुरी झाली, तसे ट्रे उन्हातल्या काचघरात मांडले गेले आणि ट्रेंच्या रांगेत धाकट्यालाही. यथावकाश वाटाण्याला कळ्या आल्या. सून हरखून गेली, साहेबांनी भिंग आणलं. माई सरळ पोरापाशी गेल्या आणि त्याचं डोकं वाकवून केसांत पाहू लागल्या. त्यानं त्यांचे हात हळूच बाजूला केले.

"आई, मी जातोय."

"कुठे?"

"ते ठरायचंय. आत बसल्यावर कळलं, मला कितीतरी गोष्टी हव्यात. तुझ्याजवळ काही हवंसं वाटायच्या आत दूध समोर यायचं. मग काय हवं होतं तेच विसरायला व्हायचं."

 माईंना आनंद झाला होता, अगदी खरा आनंद, आणि तो सोसत नव्हता. "जेवून जा," एवढे दोन शब्द ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले. त्यानं कोट काढून ट्रेंशेजारी ठेवला, मग तो त्यांच्या पाया पडला आणि फाटकातून बाहेर पडला. माळ्यानं नोंदीसाठी त्याची उंची मोजायची राहून गेली म्हणून मागून हाका मारल्या, पण तो वळला नाही.

संध्याकाळी सून शीतखोली बंद करायला गेली, तर आतल्या स्टुलावर माई बसलेल्या. खानावळीतूनच आल्या असाव्यात. हाताला पीठ तसंच होतं.

"माई, हे काय?"

"चुलीपुढे जन्म गेला गं माझा. काय हवंय हे मला कुणी विचारलं नाही, आणि मीही कधी बघितलं नाही. बसते थोडे दिवस."

सुनेचे डोळे भरून आले. तिनं खांद्यावरची शाल काढली आणि पुढे केली. माईंचा हात निम्म्यापर्यंत आला. मग सुनेनं शाल मागे घेतली, आतला दिवा चालू ठेवला आणि बाहेरून दार ओढून घेतलं.