अर्धे जाड, अर्धे पातळ

दिलेली वस्तू गोड मानून घ्यावी, हा घेणाऱ्याचा धर्म खरा. परंतु जे आपल्या आश्रयाला आहे त्याला ती वस्तू सोसेल की नाही हे पाहणे, हाही त्याचाच धर्म. हे दोन्ही एका वाटेने चालतात तोवर माणसाला निर्णय करावाच लागत नाही. त्यांच्या वाटा फुटल्या, म्हणजे मात्र भल्या माणसाची परीक्षा होते. आणि पुष्कळदा आपल्या भलेपणापायीच तो तीत चुकतो.

नाशिकचे नाना असेच चुकले. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवून ते निवृत्त झाले होते. भावाभावांत भिंतीवरून वाद निघो की सासूसुनेत चुलीवरून, लोक नानांकडे येत आणि नाना दोन्ही बाजूंना थोडे थोडे देऊन तो मिटवीत. कोणी रिक्त हस्ताने परतू नये, एवढेच त्यांचे न्यायशास्त्र.

त्यांच्या दारात एक जुनी फियाट होती. ती आता हौसेची वस्तू राहिली नव्हती. नानांच्या पत्नी मालिनीबाईंची थोरली बहीण अक्का त्र्यंबकेश्वरी अंथरुणाला खिळली होती, आणि मालिनीबाईंचे गुडघे एसटीची पायरी चढू देत नव्हते. दर सोमवारी नाना त्यांना फियाटमधून घेऊन जात. बहिणीची वेणी घालून, तिला चार घास भरवून मालिनीबाई परतत, ते पुढच्या सोमवारची वाट पाहत. ती गाडी थांबली असती, तर दोघी बहिणींची भेटच थांबली असती.

दोन हजार तीन सालच्या दिवाळीत मुलगा मयुरेश पुण्याहून आला. पाडव्याला त्याने वडिलांपुढे इंजिन ऑइलचा एक चकचकीत डबा ठेवला.

"नाना, सिंथेटिक आहे. यापेक्षा भारी ऑइल बाजारात नाही. म्हातारीला आता असलंच पाहिजे."

"उत्तम!" नाना म्हणाले, आणि डब्यालाही हळदकुंकू वाहिले.

दुसऱ्या दिवशी मयुरेश मित्रांकडे गेला असताना नाना गाडी घेऊन द्वारका चौकाजवळ महेशच्या गॅरेजमध्ये गेले. महेश त्यांचा जुना विद्यार्थी. त्याने डबा हातात फिरवून पाहिला.

"सर, ऑइल एक नंबर आहे. पण हे नव्या इंजिनाचं. लय पातळ. आपल्या गाडीचे भाग झिजलेत, फटी वाढल्यात. पातळ ऑइल त्यांतून निसटतं, दाब राहत नाही. तिला जाड ऑइलच लागतं, आपण नेहमी टाकतो ते."

"पण मुलाने प्रेमाने आणले आहे रे."

"मग काय करू, सांगा."

नानांनी क्षणभर डोळे मिटले. दोघांचाही मान राहील असा मार्ग त्यांना सवयीने सुचला. "अर्धे तुझे घाल, अर्धे त्याचे."

"सर, इंजिन आहे हो. भेळ नाही." महेश हसला, पण ज्यांच्यापुढे कधी मान वर केली नव्हती त्यांच्याशी वाद घालणे त्याला जमले नाही. त्याने दोन्ही ऑइले ओतली. उरलेले डिकीत ठेवले.

सोमवारी मयुरेश म्हणाला, "आज मी चालवतो." त्र्यंबकला जाताना गाडी निमूट चालली. अक्का भाच्याला पाहून हसल्या. परतताना अंजनेरीच्या फाट्यावर गुरे आडवी आली, मयुरेशने वेग कमी केला आणि समोरचा ऑइलचा तांबडा दिवा लुकलुकू लागला. गुरे हलेनात, दिवा ठळक झाला. मयुरेशने गाडी कडेला घेतली, इंजिन तत्काळ बंद केले, आणि झाकण उघडून ऑइल मोजायची पट्टी काढून पाहिली.

"ऑइल तर पुरेसं आहे. म्हणजे इंजिनच संपलं, नाना. इतकं भारी ऑइल घालूनही दाब धरत नाही. आता हिला काढून टाकू."

मालिनीबाई मागच्या आसनावर होत्या. त्यांनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "काढून टाका," त्या हळूच म्हणाल्या. "अक्काला निरोप पाठवता येईल कुणाबरोबर तरी."

त्या शब्दांत तक्रार नव्हती, म्हणूनच ते नानांना सोसले नाहीत. मुलाचे मन राखण्यासाठी आपण हिची वाट बुजवली की काय? ते खाली उतरून मयुरेशजवळ उभे राहिले.

"इंजिनाला दोष देऊ नकोस. तुझे ऑइल तिला पातळ पडते, असे महेश म्हणाला होता. तुला वाईट वाटेल म्हणून मी अर्धे तुझे आणि अर्धे त्याचे घालायला लावले."

मयुरेशने हातातली पट्टी खाली केली. "घातलंत? मिसळून?"

"होय."

"नाना! इंजिनातही तडजोड?" त्याचा चेहरा प्रथम उतरला, मग त्यालाच हसू आवरेना. "अहो, मला सांगायचं ना! दुकानदाराने विचारलं, गाडी किती जुनी. मी म्हटलं, तुम्ही भारीतलं द्या."

"वा!" मालिनीबाई आतून म्हणाल्या. "एक न सांगणारा, एक न ऐकणारा. बापलेक शोभता!"

मयुरेशने मोबाइलवरून महेशला बोलावले. त्याने जीपला दोर बांधून फियाट गॅरेजपर्यंत ओढत आणली. दिवा लागून किती वेळ इंजिन चालले, आत किती झीज झाली, हे कोण सांगणार?

महेशने सारे ऑइल काढले, फिल्टर बदलला, नेहमीचे जाड ऑइल भरले. "सर, चूक माझीपण आहे. तुम्हाला नाही म्हणायची हिंमत झाली नाही." मग त्याने इंजिन चालू केले. "तापू द्या. खरं काय ते तापल्यावर कळेल."

मालिनीबाई स्टुलावर बसून काचेतून दिव्याकडे पाहत होत्या. नानांना एकही श्लोक आठवेना. इंजिन तापले. महेशने गती अगदी मंद केली. दिवा लागला नाही. त्याने कान लावून ऐकले, पुन्हा गती वाढवली, पुन्हा उतरवली. तरी दिवा विझलेलाच राहिला.

"वाचली," महेश म्हणाला. "आतून आवाज नाही. बिनधास्त न्या त्र्यंबकला."

मालिनीबाईंनी डोळे पुसले आणि लगेच म्हणाल्या, "मग घरी चला, महेशही येऊ दे. करंज्या मऊ पडायला लागल्यात." मयुरेशने डिकीतला उरलेला डबा काढून महेशच्या हाती दिला. "तुझ्याकडे एखादी नवी गाडी आली की घाल. हिचा आहार आता मला कळला."

बऱ्याच काळाने कोणाच्या तरी प्रेमाने आणलेल्या वस्तूला स्पष्ट नकार मिळाला होता, आणि तरीही कोणी रुसले नव्हते, याचे नानांना नवल वाटत होते. त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि किल्ली पुन्हा त्याच्याच हाती दिली.

अक्कांच्या उशाशी सोमवार असेच येत राहोत. मालिनीबाईंच्या गुडघ्यांना उतार पडो, महेशच्या हाताला यश राहो, आणि त्या बापलेकांना एकमेकांशी खरे बोलण्याचे सुख चिरकाल लाभो.