दोन टिंबं आणि आरवणारी घंटा

आम्ही दोन टिंबं बोलतोय. हो, तीच, एकमेकांना चिकटून बसणारी. एकटं टिंब आलं की वाक्य थांबतं. आम्ही जोडीने आलो की संगणक उठून बाहेर चालू लागतो.

घरात खोल्या असतात तसे संगणकात फोल्डर असतात, एकात एक. फाइलच्या नावाआधी आम्ही बसलो, की त्याचा अर्थ 'या खोलीतून बाहेरच्या खोलीत जा'. एवढंच आमचं काम. कुणा आळशाला लांबलचक पत्ता लिहायचा कंटाळा आला असेल आणि आम्ही जन्मलो असू.

काशीदजवळच्या गावात आम्हाला आणलं अल्पेशने. तो नवी मुंबईत नोकरी करतो आणि गणपतीला काकांकडे, शिवदासकडे येतो. शिवदासची मुलगी प्रणाली अलिबागला कॉलेजात आहे. तिने 'गाठोडं' नावाचं साधन बनवलं होतं. प्रोग्रॅमच्या फाइली त्यात बांधायच्या आणि दुसऱ्या संगणकावर सोडायच्या.

पडवीतल्या संगणकावर आणखी एक सोय होती. खाडीचं पाणी चढलं की कर्ण्यातून घंटा वाजायची. मग शिवदास बांधावर धावायचा आणि उघाडीची, म्हणजे शेतातलं पाणी बाहेर सोडायच्या दाराची, फळी खाली टाकायचा. नाहीतर खारं पाणी थेट भातात.

"गाठोड्यात काय कोंबलंय ते तुझं साधन बघत नाही?" अल्पेशने विचारलं.

"कुणी आणलं तेवढं विचारतं," प्रणाली म्हणाली. "घरच्या माणसाचं गाठोडं त्याच्यासमोर चाचपतात का? आई झोडपेल मला!"

अल्पेश गालात हसला. आम्ही तेव्हाच ओळखलं, आता मजा येणार.

त्याने पोरांसाठी एका खेळाचं गाठोडं बांधलं. त्यातल्या एका फाइलचं नाव ठेवलं 'घंटा', आणि नावाआधी आम्हाला बसवलं. फाइलीत होतं कोंबड्याचं आरवणं. प्रणालीने पडवीतल्या संगणकावर गाठ सोडली. बाकीच्या फाइली शहाण्यासारख्या आपल्या खोलीत बसल्या. आम्ही उंबरा ओलांडला, बाहेरच्या खोलीत गेलो, खऱ्या घंटेला उठवलं आणि तिच्या जागी कोंबडा बसवला. कुणी हटकलंसुद्धा नाही!

गणपती गेले. दुसऱ्या दिवशी घरात कोंबडीचा रस्सा झाला. जेवून सगळे पडवीत आडवे. बाहेर पुनवेचं उधाण, भात पोटरीला आलेलं, कणसं फुटायच्या बेतात, आणि उघाडी उघडी.

"कुकुऽचकू!"

शिवदासने कूस बदलली. "अगो, त्या कोंबड्याला हाकल."

"कंचा कोंबडा?" त्याची बायको नीराबाई चुलीपासून ओरडली. "तो न्हाय का आता तुमच्या ताटात व्हता!"

कर्णा पुन्हा आरवला. अल्पेश ताडकन उठला.

"काका, पळा! ती घंटा हाय!"

सगळे अनवाणी धावले. फळी पडली, पण कडेच्या खाचरात खारं पाणी शिरलंच होतं. बाकीचं भात थोडक्यात वाचलं.

"अल्प्या," चिखलात उभा शिवदास धापा टाकत म्हणाला, "तुझी गंमत माजं वर्साचं भात गिळून बसली असती!"

"खोडी त्याची, पण दार मी उघडं ठेवलं," प्रणाली रडवेली होऊन म्हणाली. "न बघता गाठ कशी सोडली मी!"

"पावण्याचं गाठोडं चाचपायची मानसाला लाज वाटावी," नीराबाई म्हणाली, "पन त्या संगणकाच्या डब्याला कसली गो लाज?"

संध्याकाळी प्रणालीने गाठोड्याला नवी शिस्त लावली. गाठ सोडण्याआधी प्रत्येक फाइल नेमकी कुठे उतरणार ते बघायचं. एकही आपल्या खोलीबाहेर जात असेल, तर सगळं गाठोडं परत. आम्ही लपूनछपून, दुसऱ्या फोल्डरच्या आडून जाऊन पाहिलं. पकडलो गेलो. घंटा पुन्हा घंटेसारखी वाजू लागली. अल्पेशची सुट्टी ते खाचर गोड्या पाण्याने धुण्यात गेली.

आमच्यावर रागावू नका. आम्ही वाईट नाही, फक्त सांगितल्याबरोबर निघतो. तेव्हा तुमच्या संगणकाला आत काय आहे ते बघायला शिकवा. अशी न बघणारी साधनं अजून पुष्कळ आहेत, आणि सगळ्यांच्याच घरी दुपारी आरवून जागं करणारा कोंबडा नसतो.

बरंय, येतो. कुणीतरी आत्ताच न बघता गाठ सोडतंय.