मयुरीच्या दुधाचं वेळापत्रक

वडनेर भोलजीच्या दूध संकलन केंद्रावर पुंजाजींनी एकतीस वर्षं काढली. दुधातलं आपल्याइतकं तालुक्यात कुणाला कळत नाही, हे ते स्वतःच सांगत. दुसऱ्या कुणावर ती तसदी पडत नसे. अशा माणसाची लेक मयुरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मुलगा झाला, आणि तिसऱ्या आठवड्यात लेकरू दर तासाला रडू लागलं. गल्लीने निदान केलं, मयुरीला दूध पुरत नाही.

बातमी अमडापूरला तिच्या सासूच्या, सत्यभामाबाईंच्या कानावर गेली. त्यांनी फोनवर कळवलं की रविवारी येते, पावडरचा डबा आणते, पुढे त्यावरच ठेवू. मयुरीला लेकरू अंगावरच पाजायचं होतं. पुंजाजी त्या दिवशी जेवलेच नाहीत.

उपाय सुरू झाले. आई सिंधूताईंनी अहळिवाची खीर केली, मेथीचे लाडू केले. शेजारच्या गौसियाचाची दोन वेळा सुक्या मेव्याचा हरीरा पाठवू लागल्या. मयुरीने सगळं खाल्लं. तिचं वजन वाढलं, लेकराचं रडणं होतं तेवढंच राहिलं.

दोष व्यवस्थापनात आहे, असा पुंजाजींनी निष्कर्ष काढला. टाकीत दूध जमायच्या आत टँकर लावला तर तो रिकामाच जाणार. त्यांनी पुठ्ठ्यावर वेळापत्रक लिहून दाराला लावलं, दर चार तासांनी एकदा. मधल्या वेळात नातवाला खांद्यावर घेऊन ते अंगणात फिरत आणि त्याला धीराचं महत्त्व समजावत. नातवाचं मत वेगळं होतं, आणि ते बसस्टँडपर्यंत ऐकू जाई. दुधाची प्रत पाहावी म्हणून त्यांनी जुना लॅक्टोमीटरही शोधून काढला होता. सिंधूताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. लॅक्टोमीटर परत कपाटात गेला.

तीन दिवसांत ओले लंगोट आठावरून चारावर आले. आधी भरून येणारी छाती मयुरीला हलकी लागू लागली. शुक्रवारी सकाळी ती बापाजवळ येऊन बसली.

"बाबा, आपली चांदरी तुमी आटवली कशी होती?"

म्हशीचा विषय निघाला तसे पुंजाजी खुलले. लेकीचं मन दुसरीकडे वळलं, हे त्यांना बरंच वाटलं.

"सोपं हाय. दोन टाइमची धार एक टाइम केली. मंग दिवसाआड. कासेत दूध तसंच राहू द्याचं. म्हशीले वाटते, कोनी नेतच नाही त बनवू कायले? पंधरा दिवसांत कोरडी."

"आन् वाढवाचं असन त?"

"त मंग घडीघडी वगारू प्यायले लावाचं, पुरी रिकामी होऊ द्याची, का थे..."

पुंजाजी थांबले. त्यांची नजर दारावरच्या पुठ्ठ्यावर गेली. अक्षर त्यांचंच होतं, आणि सुवाच्य होतं.

"तुमी मले आटवून राह्यले, बाबा."

स्वयंपाकघरातून सिंधूताई एवढंच म्हणाल्या, "एकतीस वर्सं."

पुठ्ठा चुलीत गेला. लेकरू मागेल तेव्हा आणि मागेल तितकं, असं ठरलं. पुढचे दोन दिवस मयुरी अंथरुणावरून फारशी उठलीच नाही. लेकरू प्यायचं, झोपायचं, उठून पुन्हा प्यायचं. लंगोट धुण्याचं खातं पुंजाजींकडे आलं. शिक्षा म्हणून दिलं होतं, पण ते मन लावून धूत. शनिवारी सहा झाले, रविवारी दुपारपर्यंतच सात.

सत्यभामाबाई डबा घेऊन आल्या. नातवाला मांडीवर घ्यायला हात पुढे केले, तर तो पीत होता. पाय धुऊन आल्या, तरी पीतच होता. इतकं पितो म्हणजे पोट भरत नसणार, असं त्यांनी सुचवून पाहिलं.

"पोट भरते का नाही, थे दोरीवर पाहा," पुंजाजी म्हणाले.

सत्यभामाबाईंनी अंगणातली लंगोटांची दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग नातवाच्या घोटांचा आवाज ऐकला. डबा त्यांनी भिंतीकडे सरकवला.

सिंधूताई चहा टाकायला गेल्या तेव्हा त्यांना कळलं, घरात थेंबभर दूध नाही. पुंजाजी धुण्यात होते, दूध आणायला कोणी गेलंच नव्हतं. त्यांनी विहिणीला विचारलं, डबा उघडू का? विहीण म्हणाल्या, उघडा, आता ठेवून तरी काय करायचं.

चहा बरा झाला होता. सत्यभामाबाईंनी आणखी अर्धा कप मागितला.