इथे हसायचं

रविवारी दुपारी आमच्या घरातला फ्रिज बंद होतो. भिंतीवरचं घड्याळ उतरून न्हाणीघरात जातं, पंखे थांबतात आणि मला बजावलं जातं, ‘आई, आता भांडी नकोत.’ मग माझी लेक आणि जावई अडगळीच्या खोलीत शिरतात, दार लावून घेतात आणि आमच्या फुटबॉल संघाविषयी तासभर बोलतात. ते बोलणं इंटरनेटवर जातं. त्याला पॉडकास्ट म्हणतात. मी रेडिओच म्हणते. फरक एवढाच, की हा रेडिओ माझ्या रजयांच्या ढिगात बसून तयार होतो. रजया असल्या की आवाज घुमत नाही म्हणे. जावयाला त्यातलं कळतं, त्याचा धंदाच कानांचा. कमी ऐकू येणाऱ्या माणसांना तो यंत्रं बसवून देतो. समोर मी त्याला अहो-जाहो करते, मनात मात्र अरे-तुरे.

दोघं आता एका घरात राहत नाहीत. गेल्या हिवाळ्यात लेक दोन बॅगा घेऊन माझ्याकडे आली. ‘सध्यापुरतं,’ ती म्हणाली. जावईसुद्धा हाच शब्द म्हणाला. मी तो शब्द दागिन्यासारखा जपून ठेवला. पॉडकास्ट मात्र चालूच राहिला, त्यामुळे जावई दर रविवारी येतो, दाराशी बूट सरळ लावतो, ‘आई, गुडघा काय म्हणतो?’ विचारतो आणि माझ्या हातचा चहा घेतो. मी काही दूधखुळी नाही. पॉडकास्ट बंद पडला तर त्याचं येणं बंद, आणि येणं बंद झालं की त्या ‘सध्यापुरतं’मध्ये काही राम उरणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आणि पॉडकास्ट तर बंद पडायच्याच वाटेवर होता.

ऐकणारे गळायला लागले होते. एक बसचालक आहे, गाडी डेपोत लावली की पहिल्यापासून न चुकता ऐकणारा. त्याने लिहिलं, ‘तुम्ही दोघं पूर्वी भांडायचात, मजा यायची. आता स्टेशनवरच्या घोषणा ऐकल्यासारखं वाटतं. पुढची गाडी किती उशिरा आहे?’ लेकीने ते मला वाचून दाखवलं, हसली आणि फोन पालथा ठेवला.

‘हंगाम संपेपर्यंत बघू,’ ती म्हणाली. ‘नाहीतर बंद करू. उगाच लोकांच्या कानांना त्रास.’

‘बंद कशाला? मोकळेपणी बोला की.’

‘आई, ठरवून मोकळं होता येतं का? तूच करून दाखव.’

आता ही मुलगी म्हणजे आमची टिटवी. लहानपणापासून घरात हेच नाव, कारण तिला गप्प बसलेली कुणी पाहिलीच नव्हती. ती गाडी चालवायला शिकवते. शिकणाऱ्याने गाडी भिंतीकडे नेली तरी हिचं तोंड चालूच: ‘छान, आता ब्रेक, ब्रेक मधला, अहो मधला, तो तुमच्याच पायाखाली आहे!’ आणि तीच टिटवी त्या खोलीत बसून वाचून दाखवत होती, ‘नमस्कार. कालच्या सामन्यात आपल्या संघाची बचावफळी निष्प्रभ ठरली.’ निष्प्रभ! आमच्या ह्यांनी हा शब्द ऐकला असता तर सामना अर्धा टाकून घरी आले असते.

लग्न झाल्यावर ह्यांनी मला पहिल्यांदा कुठे नेलं असेल, तर त्या मैदानावर. तेव्हा तिथे लाकडी बाकं होती. पावसात फुगायची आणि उन्हात त्यांना अशा फटी पडायच्या की साडी अडकायची. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. कुणाच्या मोज्याला भोक आहे, तेवढं मी बघायचे. पण आम्ही बोलायचो. घरी सासूबाई, दोन दीर, एक नणंद. घरात आमचं बोलणं म्हणजे ‘मीठ हवंय का?’ आणि ‘नको.’ बाकावर मात्र हे समोर बघत बघत सगळं सांगायचे. हापिसात कोण छळतं, लहानपणी थोरल्या भावाचा किती धाक होता, मुलगी झाली तर काय नाव ठेवायचं. त्यांच्या दुखण्याची पहिली बातमीसुद्धा त्यांनी मला कॉर्नर चालू असताना दिली. ‘डॉक्टर म्हणतात आतडं तपासायला हवं. अरे मार ना, मार, बघतोस काय!’ दोन्ही एकाच दमात. मी त्यांच्याकडे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर ते पुढे बोललेच नसते.

जावईही आम्हाला त्याच मैदानावर मिळाला. मागच्या रांगेतून ओरडायचा, ‘पंच, या माझ्या दुकानात, कान फुकट तपासून देतो!’ टिटवी एकदा वळून म्हणाली, ‘आधी स्वतःची जीभ तपासून घ्या.’ पुढच्या हंगामात तो आमच्याच रांगेत बसत होता.

असो. त्या बसचालकाच्या टोमण्यानंतर दोघांनी मनावर घेतलं. मोकळं, गप्पा मारल्यासारखं वाटलं पाहिजे, असं ठरलं. आणि कसं वाटलं पाहिजे, तेही या शहाण्यांनी लिहून काढलं. मी चहाचे कप उचलायला गेले तेव्हा टेबलावर कागद होता. त्यावर टिटवीच्या अक्षरात, ‘इथे हसायचं.’ खाली, ‘इथे तू मला मध्येच तोड.’ आणि त्याखाली जावयाच्या बारीक अक्षरात, ‘कुठल्या शब्दावर तोडू?’

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही.

त्यातून जावयाची सफाई. रेकॉर्डिंग झालं की तो घरी नेऊन त्यातले सगळे ‘अं’, सगळे खाकरे, खुर्चीची करकर काढून टाकायचा. श्वाससुद्धा कापायचा. मी तो भाग ऐकला. दोन माणसं एकमेकांसमोर बसून, श्वास न घेता, ठरल्या जागी हसत होती. मी अर्ध्यातच बंद केला.

मग मला चैन पडेना. रविवारी ती दोघं आत गेली की मी दारापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत अशा येरझारा घालायचे. बसले तर गुडघा दुखायचा, उठले तर जीव. एका रविवारी त्यांच्या खुर्च्यांवर मऊ उशा ठेवल्या. दोघं अवघडून बसली. एका रविवारी चहा आधी न देता मध्येच नेऊन दिला. जावयाने तो तुकडा कापून टाकला. पुढच्या रविवारी मी तो कागदच उचलून भाजीच्या पिशवीत कोंबला. त्या दिवशी आतून इतका वेळ काहीच ऐकू आलं नाही की मी दाराला कान लावला. टिटवी म्हणत होती, ‘तर... काल आपण हरलो.’ जावई म्हणाला, ‘हो.’

हंगाम संपायला आता फार दिवस नव्हते. मी दार उघडून आत गेले.

‘आई, रेकॉर्डिंग चालू आहे!’

‘कसलं चालू आहे? शोकसभा? उठा दोघं.’

‘काय झालं, आई?’ जावयाने विचारलं.

‘तुम्ही असे समोरासमोर काय बसता? बँकेत कर्ज मागायला आल्यासारखे. मैदानावर कधी असे बसला होतात का?’ मी टेबल भिंतीकडे सरकवायला लागले. सरकेना. जावयाने धरलं. मग आम्ही खुर्च्या एका रांगेत, फळीकडे तोंड करून लावल्या. फळीवर जुना स्टोव्ह आणि रंग उडालेली सुटकेस. तिथे जावयाने आपला लॅपटॉप उभा केला आणि आदल्या दिवशीचा सामना आवाज बंद करून लावला.

मी बाहेर निघाले, तर तोच म्हणाला, ‘तुम्हीपण बसा, आई. तुमच्या येरझारा माइकमध्ये येतात. मागच्या भागातून मला तुमची पावलं वेचून काढावी लागली.’

‘चोराच्या पावलांनी चालत होते मी.’

‘गुडघा साथ देत नाही ना, आई,’ टिटवी म्हणाली. ‘बस इथे.’

म्हणून मी भिंतीकडच्या खुर्चीत बसले, मध्ये टिटवी, पलीकडे जावई. पायांपुढून वायरी गेल्या होत्या; उठायचं म्हटलं तरी सोय नव्हती. पडद्यावर आमचे पिवळ्या शर्टवाले इकडून तिकडे धावत होते.

मग आमचा गोलकीपर पुढे धावला, अर्ध्यात थांबला आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून आत गेला.

‘बघ, बघ त्याला!’ टिटवी खुर्चीच्या टोकावर आली. ‘निघालास ना बाबा? मग पूर्ण नीघ! असा सिग्नलवर गाडी बंद पडल्यासारखा काय उभा राहतोस!’

‘त्याची काय चूक? त्याला मागून कुणीतरी हाक मारली असणार. आपल्या बचावात सगळे एकदम ओरडतात आणि चेंडूकडे कुणीच जात नाही.’

‘तू त्याचीच बाजू घेणार. तूही तसाच. पडदे बदलायचे तर दोन महिने विचार.’

‘आणि तू? डावीकडचा दिवा लावून उजवीकडे वळतेस, आणि लोकांना शिकवतेस!’

मी समोरच बघत होते, पण माझे कान टवकारले. हे ते बोलणं होतं. बाकावरचं. मध्येच तोडत होती, एकमेकांच्या शब्दावर शब्द घालत होती, आणि कुणी कुणाला कुठल्या शब्दावर तोडायचं ते विचारत नव्हतं.

‘मी निदान वळते तरी,’ टिटवी म्हणाली. ‘कोर्टात सही करताना कुणाचं पेन थरथरत होतं? त्या कारकून बाईंनी पाणी आणून दिलं तुला!’

‘पाणी तुला दिलं होतं! तू रडत होतीस. मी फक्त प्यायलो.’

‘सगळं प्यायलास! एक घोट ठेवला नाहीस मला!’

दोघं खो खो हसली. इतकी, की टिटवीने त्याच्या दंडावर चापट मारली. मीसुद्धा हसले. चांगली मोठ्याने हसले. आणि मग आपण कशाला हसलो ते माझ्या ध्यानात आलं.

त्यांच्याही आलं. खोलीत पडद्यावरचा उजेड तेवढा हलत होता.

‘सही कधी झाली?’ मी विचारलं. मान वळवली नाही.

‘मागच्या महिन्यात,’ टिटवी म्हणाली. तिनेही वळवली नाही. ‘हंगाम संपला की तुला सांगणार होतो. शपथ.’

‘आई,’ जावई हळूच म्हणाला, ‘म्हणून तर लिहून वाचत होतो. तुम्ही दाराशी असायचात. जरा सैल बोललो की तोंडून हे निसटेल, या धाकात होतो दोघं.’

इतके महिने मी समजत होते की त्यांच्यात राग साचलाय, म्हणून शब्द फुटत नाही. राग असता तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या माणसांना समजावता येतं, एकाला दुसऱ्याच्या दारात नेऊन उभं करता येतं. ही दोघं तर कोर्टातल्या पाण्यावरून हसत होती. यांच्यात मिटवायला भांडणच शिल्लक नव्हतं.

मला उठायचं होतं. फ्रिज लावायचा होता, घड्याळ पुसायचं होतं, काहीही करायचं होतं. पायांपुढे वायरी होत्या. हात मांडीवर ठेवले, ते तिथे राहिनात. पदराचं टोक गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

‘थांबवू का, आई?’ जावयाने रेकॉर्डरकडे हात नेला. ‘हा तुकडा मी काढून टाकतो. कुणालाही ऐकू जाणार नाही.’

‘तो काढा. पण बंद करू नका. आत्ता कुठे तुम्हाला बोलता येतंय.’

त्याने हात मागे घेतला. पडद्यावर पिवळ्यांना कॉर्नर मिळाला होता. सात नंबरवाला चेंडू ठेवून मागे सरकत होता. मी त्याच्याकडे बघत विचारलं, ‘म्हणजे आता तुम्ही यायचं नाही.’

त्याने पायाजवळची वायर सरळ केली.

‘दर रविवारी नाही जमणार, आई,’ तो म्हणाला. ‘तुम्हाला खोटं नाही सांगत. सामना आपल्या मैदानावर असेल त्या आठवड्यात येईन. तेव्हाच रेकॉर्ड करू. हिलाही ते चालतंय.’

‘चालतंय,’ टिटवी म्हणाली.

‘आपल्या मैदानावर पुढचा कधी?’

‘पुढचे दोन बाहेर आहेत. त्यानंतर.’

दोन रविवार. फ्रिज चालू, पंखे चालू, घड्याळ भिंतीवर. ते दोन रविवार मला आताच त्या खोलीत येऊन बसल्यासारखे वाटले. कॉर्नर मारला गेला, कुणाच्या तरी डोक्याला लागून बाहेर गेला. पूर्वी हे अशा वेळी गुडघ्यावर थाप मारायचे, स्वतःच्या नाही, माझ्या.

‘बाहेरचे सामनेसुद्धा कुणीतरी बघायला नकोत का?’ मी म्हणाले. ‘टीव्ही माझ्याकडे मोठा आहे. तुमच्या दुकानातून येताना, जावईबापू, वाटही तशी आडवी नाही. मी काय तुम्हा दोघांना एकत्र बसा म्हणत नाहीये. तुम्ही एकटेच माझ्याकडे या.’

‘आई,’ टिटवी पडद्याकडे बघतच म्हणाली, ‘ऑफसाइड. फार पुढे गेलीस तू.’

‘कुठला ऑफसाइड? डोळे आहेत का तुला? मागे बचाववाला उभा होता!’

‘कोण बचाववाला?’

‘मी दाखवते. मागे घ्या हो, जावईबापू, जरा मागे घ्या ते चित्र.’

त्याने खरंच मागे घेतलं. आणि मी, पदर मुठीत धरून, पडद्याशी वाकून, नसलेला बचाववाला शोधत बसले.