जागच्या जागी समुद्राकडे

मित्रांनो, मी एक जुना स्टँड आहे. सायकलचा. सायकलींनी आपापली कहाणी तुम्हाला सांगितलीच असेल, त्यांना बोलायची हौस फार. स्टँडला कोण विचारतो? पण आमच्या मास्तरांच्या समुद्राची गोष्ट माझ्याकडूनच ऐकायला हवी, कारण ती जवळजवळ सगळी माझ्यावरच घडली.

एका पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी नळी वाकवून मला दोन पाय दिले, वर स्प्रिंग बसवली आणि चकचकीत मुलामा चढवला. माझं काम साधं. सायकल थांबली की खाली यायचं आणि मागचं चाक जमिनीवरून उचलून धरायचं. निघाली की लाथ खाऊन वर जायचं. लाथ खाऊन खूश होणारा जगात मी एकटाच असेन, पण खरंच सांगतो, त्या लाथेसारखं सुख नाही.

आमचे मालक शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. शिवलेले कपडे घरोघर पोचवायला त्यांनी तरुणपणी सायकल घेतली. तेव्हा मी दिवसभर वर-खाली व्हायचो. पुढे लोक तयार कपडे घेऊ लागले आणि आम्ही दुकानात मागच्या भिंतीला लागलो.

एकदा लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांची टोळी जाकिटांच्या चेन बदलून घ्यायला आली. त्यांचा म्होरक्या चष्म्याच्या दुकानाचा मालक. जाता जाता तो म्हणाला, "मास्तर, या वेळी तुम्हीपण चला समुद्रापर्यंत. सायकल तर आहेच."

तो गमतीत बोलला. गमतीत बोलणाऱ्याला आपलं बोलणं कुठे जाऊन रुतलं, याचा पत्ता नसतो.

त्या दुपारी मास्तर बायकोला म्हणाले, "माझे कपडे घालून लोक कुठे कुठे जाऊन आले. मी गावच्या पुलापलीकडे गेलो नाही. आता सुईत दोरासुद्धा तू ओवून देतेस. यंदा नाही गेलो तर संपलं."

"जा की मग," बाई म्हणाल्या. "अडवलंय कुणी?"

अडवलं होतं दुकानाने. गिऱ्हाईक क्वचितच यायचं, पण नेमकं आपण बाहेर असतानाच येईल, ही मास्तरांची जुनी धास्ती. शिवाय या वयात रस्त्यावर धापा टाकताना चार लोक बघतील, ती लाज वेगळीच. मग त्यांनी तोड काढली. मला खाली पाडलं, सायकलवर चढून बसले आणि पायडल मारू लागले. मागचं चाक हवेत गरगर फिरू लागलं.

बाई दारात उभ्या. "सायकल जागची हलत नाही आणि म्हणे सराव."

"पायमशीन तरी कुठे हलते?" मास्तर म्हणाले. "त्यावरच संसार चालला ना?"



मास्तर रोज माझ्यावर घाम गाळू लागले. टेपने टायरचा घेर मोजला आणि फेऱ्यांवरून आज कुठवर पोचलो ते ठरवू लागले. हात रिकामे कशाला ठेवायचे, म्हणून पायडल मारता मारता सदऱ्यांची काजं करू लागले. शेजारचा इस्त्रीवाला यायचा आणि चौकशी करायचा.

"कुठवर आलात मास्तर?"

"घाट उतरलो."

"उतरलात? पण चढलात कधी?"

"सकाळी. जाणवलासुद्धा नाही."

"मग तुम्ही समुद्र ओलांडूनच थांबणार," इस्त्रीवाला म्हणायचा. मास्तर लाजून हसायचे. बघणारे वाहवा करायचे, "काय वेग आहे!" मीही फुशारलो होतो. एवढा भार उचलून धरणारा दुसरा कोण होता? पण चाकाखाली रस्ताच नाही, हे त्या वाहवा करणाऱ्यांपैकी एकानेही म्हटलं नाही. म्हणायच्या त्या बाईच, आणि त्यांचं बोलणं टोमण्याच्या खात्यात जायचं.

जायचा दिवस उजाडला. मास्तरांनी स्वतःसाठी शिवलेलं नवं जाकीट घातलं, मला लाथ मारली आणि टोळीबरोबर निघाले. मी वर अडकून सगळं बघत होतो. पहिल्या वळणापासूनच हँडल थरथरू लागलं. काजं करायला शिकलेले हात, त्यांना तोल धरायची सवय कुठून असणार? पूल कसाबसा मागे पडला, समोरून वारा आला आणि चढ लागला. पाय भरभर फिरायला शिकले होते, रेटायला नाही. अर्ध्या चढावर पाय थांबले. सायकल आडवी झाली, तिच्यासकट मास्तर.

टोळी थांबली. म्होरक्याने त्यांना हात देऊन उठवलं, जाकीट झटकलं.

"लागलं का?"

"नाही. घाट आला का हा?"

"नाही मास्तर. हा नुसता चढ आहे. घाट अजून बराच लांब." त्याने आपल्या सायकलचं हँडल धरलं. "तुम्ही या सावकाश."

सावकाश या म्हणजे काय, ते मास्तरांना कळलं. मलाही. रंगीत जाकिटं चढापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत मास्तर बघत राहिले. त्यांतल्या निम्म्या चेन त्यांनीच बसवलेल्या. मग सायकल हातात धरून ते चालत परतले.

बाईंनी काही विचारलं नाही. इस्त्रीवाल्यानेही नाही, आणि तेच मास्तरांना जास्त लागलं असावं. नवं जाकीट त्यांनी हँडलवर टांगलं. त्यावर लोकांचे न नेलेले सदरे आले. माझी स्प्रिंग गंजली.

परवा बाईंनी मशीनच्या तेलाचे दोन थेंब माझ्या सांध्यात सोडले आणि पायाने ढकलून पाहिलं. मी अर्धा उठलो आणि अडकलो.

"जरा जोर लावा तुम्ही," त्या म्हणाल्या. "चौकापर्यंत जाऊन या. पडलात तर पडलात. मी येते मागून चालत."

मास्तरांनी मशीनवरून मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. "राहू दे," ते म्हणाले. "गिऱ्हाईक येईल."

आज दिवसभर कुणी आलं नाही.

मित्रांनो, मला पुसू नका, मुलामाही नको. माझा गंज आता निघायचा नाही. पण तुमच्या घरात कुणी असंच जागच्या जागी चाक फिरवत असेल, तर लांबून वाहवा करू नका. त्याच्या हातातलं काम काढून घ्या, स्टँडला लाथ मारा आणि पहिल्या चढापर्यंत त्याच्याबरोबर चालत जा. चाक अजून फिरतंय तोवरच हे करा. आमच्याकडे ते थांबलं आहे.