एकोणतिसावा दिवस

मी दात बनवते. कवळ्या, कॅप, ब्रिज, जे लागेल ते. डॉक्टर माप पाठवतात, मी घडवून देते. केसाएवढा फरक राहिला तर कुठलासा माणूस पहिला घास चावतानाच मला शिव्या घालतो, म्हणून वीस वर्षांत तो फरक राहू दिलेला नाही. तेव्हा माप आणि वेळ या दोन गोष्टी मला कुणी शिकवू नयेत. तरीही गेले तीन महिने एक चष्मेवाला मला नेमकं तेच शिकवत होता.

हा चष्मेवाला आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. सोसायटी म्हणजे एका छापाची बासष्ट बैठी घरं. क्रीम रंगाच्या भिंती, तपकिरी दार आणि दारापुढे सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या. पायऱ्यांपासून फाटकापर्यंत वीस फूट अंगण. ते वीस फूट माझ्या बाबांनी सात महिने ओलांडले नव्हते.

अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. आई आधीच गेलेली. मी माझं बिऱ्हाड गुंडाळून, कवळ्या घासायच्या मशीनसकट, त्यांच्या घरी राहायला आले. सुरुवातीला शेजारचे दोघे बापलेक चाकाच्या खुर्चीसकट त्यांना खाली उतरवायचे. एकदा दुसऱ्या पायरीवर चाक सटकलं, खुर्ची कलंडली आणि बाबा पट्ट्याला लटकले. लागलं काही नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं की कपाटासारखं उचलून घ्यायचं नाही म्हणजे नाही.

मग ते खिडकीत बसले. फाटकापर्यंत जायचंय, एवढंच सारखं म्हणायचे. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई मला दाराशी हळूच म्हणाल्या, "यांना बाहेर काढा. अशी माणसं आधी बोलणं कमी करतात, मग जेवण." बाबांचं जेवण अर्ध्या पोळीवर आलेलंच होतं.

उपाय तर समोर दिसत होता, एक लाकडी उतार. पण सोसायटीचा नियम क्रमांक सतरा असा: घराच्या दर्शनी भागी तीन पायऱ्यांव्यतिरिक्त कोणतेही काम, तात्पुरते वा कायमचे, करता येणार नाही. हा नियम लिहिला होता माझ्या बाबांनी. बावीस वर्षं ते सेक्रेटरी होते आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नियम त्यांच्याच हातचे. लोक त्यांना मागून 'सतरा नंबर' म्हणतात. त्यांना ते माहीत नाही असं आम्ही सगळे धरून चालतो.

अशात पेपरात बातमी आली. राज्य सरकारने कायदा केला होता की कुठल्याही सोसायटीला घरमालकाचा उतार, कठडा, कपडे वाळत घालायची दोरी किंवा छतावरचं सौर पॅनेल नाकारता येणार नाही. सोसायटीकडे फक्त अर्ज द्यायचा. मी कात्रण फ्रिजवर चिकटवलं, कायद्याची चौदा पानं छापून आणली आणि बाबांना म्हटलं, "आता तुमच्या सतराव्याचे बारा वाजले."

"अर्ज नीट लिही," बाबा म्हणाले. झटक्यानंतर त्यांचे शब्द जरा घसरतात, पण हुकूम बरोबर कळतो. "समास सोड."

मी समास सोडला. एकोणतिसाव्या दिवशी सोसायटीचं पत्र आलं: उताराच्या रंगाचा नमुना जोडलेला नाही, तरी पूर्तता करावी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा मात्र पत्र डाव्या हातात धरून असे बघत होते, जसा एखादा वस्ताद चेल्याचा डाव बघतो.

"तीस दिवसांच्या आत उत्तर द्यायचं असा नियम आहे," ते म्हणाले. "शंका काढली की ते उत्तर धरतात. मग दिवस पुन्हा पहिल्यापासून. बरोबर आहे त्यांचं."

"बाबा, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?"

"पद्धतीच्या," बाबा म्हणाले.

माझ्या हातात चौदा पानांचा कायदा होता आणि समोर बावीस वर्षांचा सेक्रेटरी. मी बावीस वर्षांवर विश्वास ठेवला. मूर्खपणा तिथे झाला, पण तो कळायला अजून वेळ होता.

रंगाची पट्टी दिली. पुन्हा एकोणतिसाव्या दिवशी पत्र: उताराचा कोन दाखवणारा आराखडा जोडावा. पत्र घेऊन मी सरळ सेक्रेटरीच्या चष्म्याच्या दुकानात गेले. तो एका बाईंच्या नाकावर फ्रेम बसवत होता.

"ताई, आम्ही नाही म्हटलंय का?" तो गोड हसत म्हणाला. "कायद्याने नाही म्हणताच येत नाही. आम्ही फक्त विचारतोय."

"माझा बाप वाळत चाललाय तिकडे."

"अहो, सर माझे गुरू आहेत. हे सगळं मी त्यांच्याच हाताखाली शिकलो." त्याचा आवाज खाली आला. "एकाला उतार दिला की उद्या बासष्ट घरं बासष्ट तऱ्हेची होतील. सरांनाच विचारा. ते काय म्हणाले असते?"

ते काय म्हणाले असते हे मला चांगलंच माहीत होतं. दुकानातल्या वीस आरशांत माझाच संतापलेला चेहरा दिसत होता. आपटायला दारसुद्धा नव्हतं, ते आपोआप मिटणारं होतं.

आराखडा दिला. तिसरं पत्रही एकोणतिसाव्या दिवशी आलं: अर्जावरील घरमालकाची सही सोसायटीच्या दफ्तरातील नमुन्याशी जुळत नाही.

अर्थातच जुळत नव्हती. उजवा हात मांडीवर पडून असलेल्या माणसाने ती डाव्या हाताने केली होती, दहा मिनिटं लावून, जीभ दातात धरून. मी तोंडाला येईल ते बोलले. चष्मेवाल्याच्या सात पिढ्या काढल्या. बाबा 'बरोबर आहे' म्हणतील म्हणून त्यांच्यासाठीही दोन वाक्यं राखून ठेवली होती, पण ती वापरावी लागली नाहीत. बाबा पत्र मांडीवर पालथं घालून बसून राहिले.

"तुमच्या सहीचा जुना कागद कपाटात असेल ना? त्यावरून काही करता येतं का बघते."

"कपाट राहू दे," बाबा म्हणाले.

"का?"

"राहू दे म्हटलं ना."

मला कुणी 'राहू दे' म्हटलं की माझे हात आधी पोचतात. वरच्या खणात बाबांच्या सेक्रेटरीपणातल्या जुन्या फायली घरांच्या नंबरांप्रमाणे लावलेल्या होत्या. एकतीस नंबरची सगळ्यांत जाड होती. एकतीस म्हणजे आमच्या समोरचं घर. तिथे निवृत्त पोस्टमनकाका एकटेच राहतात. मी इथे आल्यापासून रोज सकाळी त्यांना नमस्कार करायची आणि ते रोज मान फिरवायचे. खडूस म्हातारा म्हणून मी सोडून दिलं होतं.

फायलीतला पहिला कागद नऊ वर्षांपूर्वीचा. पत्नीला चाकाची खुर्ची लागली आहे, तरी दारापुढे लाकडी उतार बसवण्याची परवानगी मिळावी. त्याला बाबांच्या सुबक अक्षरात उत्तर होतं: रंगाचा नमुना जोडावा. मी तारखा मोजल्या. एकोणतिसावा दिवस. पुढे कोन. पुढे लाकडाची जात. पुढे शेजाऱ्यांची हरकत नसल्याचा दाखला. सगळे एकोणतिसावे दिवस. शेवटची शंका होती, अर्जदाराची सही नमुन्याशी जुळत नाही.

त्याच्यामागे पोस्टमनकाकांचं एका ओळीचं पत्र होतं. अर्ज मागे घेत आहे, आता गरज उरली नाही. त्यावर बाबांनी शिक्का मारला होता: प्रकरण निकाली.

मी ते पत्र बाबांच्या समोर धरलं.

"नियमाप्रमाणेच होतं ते," बाबा खिडकीकडे बघत म्हणाले.

त्या क्षणी मला माझा बाप नकोसा झाला. त्याला तिथेच, खिडकीत, तीन पायऱ्यांच्या वर ठेवून निघून जावं असं वाटलं. मी निघालेही. पण अंगणात आल्यावर जायला एकच जागा सुचली, आणि फाईल काखेत मारून मी रस्ता ओलांडला.

पोस्टमनकाकांनी दार उघडलं. फाईल बघितली. आत या म्हणाले नाहीत.

"मला हे माहीत नव्हतं," मी म्हटलं. "आज वाचलं."

"तुमचा अर्ज कुठवर आलाय?" त्यांनी विचारलं. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

"सहीवर."

ते हसले. त्या हसण्यात गंमत नव्हती. "कायदा वाचलात का?"

"चौदा पानं आहेत घरी."

"आहेत ते ठीक. वाचलात का?"

पहिलं पान वाचलं होतं. बाकीच्यासाठी घरातच सेक्रेटरी होता ना.

"नवव्या पानावर खाली बघा. शंका एकदाच काढायची, ती पहिल्या दहा दिवसांत. नंतर काढलेली शंका धरायची नाही. तीस दिवस झाले की परवानगी मिळाली असं समजायचं." हे सगळं ते न अडखळता म्हणाले. "तुम्हाला परवानगी मिळून दोन महिने झाले, बाई."

दोन महिने! रंगाच्या पट्ट्या, आराखडे, दुकानातलं ते गोड हसू, आणि परवानगी आमच्याच फ्रिजशेजारी पडून होती.

"इतकं पाठ कसं तुम्हाला?"

"ती ओळ मीच घालायला लावली. चार वर्षं खेटे घातले. आमदारांच्या समितीपुढे तीनदा उभा राहिलो. दर वेळी तेच सांगितलं, नाही म्हणायची बंदी घालून भागणार नाही. नाही न म्हणताही माणसाला घरात कोंडता येतं. एकोणतिसाव्या दिवसाचं काय ते बघा." त्यांनी माझ्या काखेतल्या फाईलकडे बघितलं. "पस्तीस वर्षं लोकांची पत्रं वेळेवर पोचवली हो मी."

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण ते मागे वळून गॅरेजकडे निघाले होते. आत भिंतीला टेकवून, चादरीखाली, तीन लांब फळ्या उभ्या होत्या. खाली आडवे ठोकळे, कडेला कठडा. रंग भिंतींचाच, क्रीम.

"परवानगी येईलच म्हणून आधीच करून घेतला होता," ते म्हणाले. "सुताराला घेऊन या, तासाभरात बसेल. बासष्ट घरांच्या पायऱ्या सारख्या. तुमच्या बाबांचीच कृपा."

दुसऱ्या दिवशी सकाळी उतार बसला. केसाएवढाही फरक नव्हता, मी स्वतः बोट फिरवून पाहिलं. चष्मेवाला स्कूटरवरून जाता जाता थांबला आणि काही बोलणार, एवढ्यात मी नववं पान त्याच्या नाकासमोर धरलं. त्याने चष्मा वर केला, वाचलं आणि गेला. हा क्षण मी तीन महिने मनात घोळवला होता. पण प्रत्यक्षात काडीचा आनंद झाला नाही.

बाबा दारात खुर्चीत बसून उताराकडे बघत होते.

"हा रंग मंजूर केलेला आहे," ते हळू म्हणाले.

"तुम्हीच केला होतात."

"हो. एकतीस नंबरच्या फायलीत, दुसऱ्या पत्राच्या आधी."

मी ब्रेक सोडले. चाकं गडगडत खाली आली. सात महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर ऊन पडलं आणि त्यांनी डोळे बारीक केले. फाटकापाशी मी थांबले. फाटकापर्यंत जायचंय, एवढंच तर ते सारखं म्हणत होते.

"पुढे," बाबा म्हणाले.

"कुठे?"

त्यांनी डाव्या हाताने समोर दाखवलं. रस्ता ओलांडून आम्ही एकतीस नंबरच्या अंगणात गेलो आणि पायऱ्यांशी अडलो. तीन पायऱ्या, सहा-सहा इंचांच्या. पोस्टमनकाका दारात येऊन उभे राहिले.

"वर या," ते म्हणाले.

"येता येत नाही," बाबा म्हणाले.

"हं. तिला खाली येता येत नव्हतं."

बाबांची मान खाली होती. मला वाटलं, आता पुन्हा नियम काढतील. काढला असता तर मी खुर्ची तिथेच सोडून गेले असते, देवाशपथ.

"सही जुळत होती," बाबा म्हणाले. शब्द घसरत होते, पण ऐकू येत होते. "तेव्हाच दिसलं होतं मला. दुसरं काही विचारायला उरलं नव्हतं."

पोस्टमनकाकांनी दाराची चौकट धरली. ते खाली आले नाहीत, आतही गेले नाहीत. ऊन पायऱ्यांवर चढत होतं. मी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "चला, बाबा. घरी जाऊ."

"नको," बाबा म्हणाले. "त्यांना काही म्हणायचं असेल. मी थांबतो."

मी खुर्चीचे ब्रेक लावले.