दारातली रांग

"कोण गेलं?" वरच्या सज्जातून आन्सेल्मोने विचारले.

फुएनसांता विहिरीच्या कठड्यावर पडलेल्या जिरॅनियमच्या पाकळ्या ओल्या फडक्यात गोळा करत होती. कुणी गेलेले नाही, लोक अंगण बघायला आले आहेत, असे तिने मान वर न करता सांगितले. आत आलेला घोळका भिंतीवरच्या निळ्या कुंड्यांचे फोटो काढण्यात गुंतला होता. तो बाहेर पडला, दारातल्या खिनेसने रांगेतली पुढची माणसे आत सोडली आणि वरून तोच प्रश्न तितक्याच हळू, अदबशीर आवाजात आला.

"कोण गेलं?"

खिनेस मे महिन्यातल्या अंगणांच्या महोत्सवाचे पिवळे जाकीट घालून गेली काही वर्षे याच दारात उभा राहत होता. अंगणात मावतील तेवढीच माणसे आत सोडायची, एवढेच त्याचे काम. तो तोंडाने फटकळ होता, पण मनाने बरा. "बाई, मेस्त्रींना सांगा, अजून कुणी गेलं नाही," तो म्हणाला. "पण रांग अशीच उन्हात तापत राहिली, तर संध्याकाळपर्यंत एखादा जाईल."

फुएनसांता कसनुशी हसली. मग तिची नजर विहिरीशेजारच्या पिंजऱ्याकडे गेली. कॅनरी पक्ष्याच्या पिंजऱ्यावर काळा रुमाल नीट चारी बाजूंनी ओढून टाकलेला होता. तिने तो काढून ॲप्रनच्या खिशात घातला. सकाळी दार उघडण्यापूर्वीही तिने एकदा तो काढला होता.

स्पेनमधल्या कोर्दोबाच्या या जुन्या भागात ती जन्मली तेव्हा घराच्या प्रत्येक खोलीत एक कुटुंब राहत असे. विहीर एक, स्वयंपाकघर एक, कपडे धुण्याची जागा एक. हळूहळू सगळे शहराबाहेरच्या नव्या इमारतींत राहायला गेले आणि जाताना आपापल्या कुंड्या तिच्याकडे सोपवून गेले. तिने एका हॉटेलात चादरींना इस्त्री करण्यात आयुष्य काढले. तिचा नवरा आन्सेल्मो चांदीच्या कारखान्यात बारीक तारेचे नक्षीकाम करायचा, म्हणून गल्लीत त्याला सगळे मेस्त्री म्हणत. दोघांच्या आयुष्यात लोकांनी रांग लावून बघावे असे या अंगणाखेरीज काही नव्हते.

यंदा अंगण उघडू नकोस, असे मुलीने, आरासेलीने, बजावले होते. थंडीत एकदा आन्सेल्मो घरातल्या कपड्यांत बाहेर पडला होता आणि नदीवरच्या पुलावर सापडला होता. परके लोक दिवसभर घरात येत-जात राहिले तर त्याला कोण सांभाळणार, हा तिचा प्रश्न रास्त होता. पण मे महिन्यात या गल्लीत एखादे दार बंद दिसले, की त्या घरात दुखवटा आहे असे सगळे समजतात. फुएनसांताच्या आईने ते एकदाच बंद ठेवले होते, नवरा गेला त्या वर्षी. "जिवंत माणसाच्या नावानं मी दार लावणार नाही," असे फुएनसांताने मुलीला सांगितले. तेव्हा आरासेलीने अट घातली. महोत्सव संपेपर्यंत असा एकही प्रकार घडला नाही, तर ती पुन्हा विषय काढणार नाही. घडला, तर बाबांना डोंगराकडच्या वृद्धाश्रमात न्यायचे. तिथे एक जागा रिकामी झाली होती आणि त्यांनी ती येत्या रविवारपर्यंत राखून ठेवली होती.

पाण्याचा ग्लास घेऊन ती वर गेली. आन्सेल्मो कठड्याला धरून उभा होता. त्याने ग्लास घेतला, पण नजर खालून हलवली नाही. ती त्याच्या शेजारी उभी राहिली आणि तो काय बघतो आहे ते बघू लागली.

बाहेरच्या लख्ख उन्हातून सावलीत आलेली माणसे उंबऱ्याशी क्षणभर थबकत होती, डोळे अंधाराला सरावेपर्यंत. पुरुष टोप्या काढत होते. जमीन गोट्यांची, म्हणून सगळे मान खाली घालून चालत होते. कुणी मोठ्याने बोलत नव्हते. भिंतीकडेने सगळे एक फेरी मारत, खालच्या जुन्या खोलीच्या दाराशी थांबून आत डोकावत आणि बाहेर पडताना मान लववत.

त्याच खोलीत फुएनसांताच्या आईला, ती गेली तेव्हा, ठेवले होते. घराघरांतून खुर्च्या आणून अंगणात मांडल्या होत्या, पिंजऱ्यावर काळे कापड टाकले होते, रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. तेव्हा गल्लीत असेच असे. आता माणूस गेले की त्याला परस्पर हमरस्त्यापलीकडच्या अंत्यदर्शनाच्या सभागृहात नेतात. पण आन्सेल्मोच्या लेखी माणसे रांगेने, गुपचूप आणि ओळख नसतानाही घरात येण्याचा अर्थ एकच होता. त्याचे चुकत नव्हते. खाली जे दिसत होते ते तसेच दिसत होते.

"आपल्या घरातलं कुणी गेलं नाही, आन्सेल्मो," ती म्हणाली.

"मला सांगत नाहीयेस तू," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

दुपारी दोनला खिनेसने दार लोटले आणि तो जेवायला गेला. आरासेली दातांच्या दवाखान्यातली सुट्टी साधून बटाट्याचे ऑम्लेट घेऊन आली. तिने वडिलांना भरवले, त्यांचे ओठ पुसले, गालाचा मुका घेतला. त्यांनी तिला ओळखले की नाही ते कळले नाही, पण त्यांनी तिचे आभार मानले. ते झोपल्यावर तिने पर्समधून एक लहानशी गुंडाळी काढून टेबलावर ठेवली. पांढऱ्या फितीवर वडिलांचे नाव पुन्हापुन्हा छापलेले होते. तिथे सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात, म्हणून प्रत्येक कपड्याला नाव शिवावे लागते, असे तिने सांगितले.

"अजून काही झालेलं नाही," फुएनसांता म्हणाली.

"मी कुठं म्हणतेय झालं म्हणून? नुसती ठेवते." मग आरासेलीचा आवाज उतरला. "आई, तू रात्रीची झोपत नाहीस. कॉफीचा कप धरताना तुझा हात कापतो. मला दोघांनाही गमवायचं नाहीये."

फुएनसांताने ताटल्या उचलल्या. तिथल्या बायका चांगल्या असतील, जेवण वेळेवर मिळत असेल, बागही असेल, हे सगळे तिने मान्य केले. मुलगी सांगत होती त्यातली एकही गोष्ट तिला खोडता येत नव्हती. तिच्यापाशी बोलायला एकच गोष्ट होती.

"तो मला ओळखतो," ती म्हणाली. "बाकी सगळं विसरला असेल. रात्री जाग आली की माझाच हात शोधतो. तिथं कुणाचा शोधणार?"

संध्याकाळी फोन करीन, एवढे म्हणून आरासेली गेली. गुंडाळी टेबलावरच राहिली.

सहा वाजता दार पुन्हा उघडले. शनिवारी जुनी मशीद बघून येणाऱ्या पर्यटकांची गर्दी संध्याकाळीच वाढते. एका म्हातारीला कठड्यावर बसवून पाणी द्यावे लागले आणि कुंडीतले फूल तोडू पाहणाऱ्या एका पोरीच्या आईला चार शब्द सुनवावे लागले. त्या सगळ्यात वरून बराच वेळ काही विचारणा झाली नाही, हे फुएनसांताच्या उशिरा ध्यानात आले. तिने वर पाहिले. सज्जा रिकामा होता. जिन्याच्या दाराची कडी आतून निघाली होती.

आणि तो तिला दिसला. पार पुलापर्यंत गेला नव्हता. दारातच, खिनेसच्या शेजारी, भिंतीला पाठ टेकून ताठ उभा होता. त्याने काळा कोट घातला होता, लग्नकार्याचा आणि मयतीचा एकच. खाली घरातल्या सपाता. केस पाण्याने चापून बसवलेले. आत येणाऱ्या प्रत्येकाशी तो हात मिळवत होता, किंचित झुकून, हात पुरता हातात घेऊन.

"आलात, बरं वाटलं," तो म्हणत होता. "उन्हातून आलात."

भाषा कळणारे हसून आभार मानत होते. न कळणारेही हात सोडण्याआधी क्षणभर थांबत होते. एका उंच परदेशी बाईने तर त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, आणि त्याने ते जसे घ्यायचे तसे, डोळे मिटून घेतले.

फुएनसांता घाईने पुढे आली. खिनेसने तिला डोळ्यांनीच खुणावले, असू दे म्हणून. "यंदा पहिलं बक्षीस तुमचंच, बाई," तो पुटपुटला. "असलं स्वागत कुणाच्या अंगणात नाही. आणि मी काही बघितलं नाही बरं, आरासेलीनं विचारलंच तर."

तिला त्याला आत न्यायचे होते. पण ती थांबली. गेल्या कित्येक महिन्यांत तिने त्याला असे पाहिले नव्हते. चमचा हातात घेतला की त्याचे काय करायचे, हे त्याला आठवत नसे. शर्टाचे बटण दिसे, पण काजे सापडत नसे. इथे मात्र त्याला सगळे येत होते. हात किती वेळ धरायचा, मान किती लववायची, म्हाताऱ्यांना कुठल्या बाजूने वाट द्यायची, यात एकदाही चूक होत नव्हती. पुढे काय करायचे ते त्याला माहीत होते, आणि तेवढ्यानेच त्याच्या चेहऱ्यावरची नेहमीची भेदरलेली छटा पुसून गेली होती.

रांग मंदावली. दोन घोळक्यांच्या मधली जागा मिळाली तशी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. वर चल, दमला असशील, असे ती म्हणणार होती. त्याआधीच त्याने तिचा हात हातात घेतला.

"आलात, बरं वाटलं," तो म्हणाला.

तिचा हात त्याने दुसऱ्या हातानेही झाकला, रडणाऱ्या माणसाला धीर द्यावा तसा.

"तुमची ओळख होती फुएनसांताशी?" त्याने विचारले.

खिनेसने तोंड रस्त्याकडे फिरवले.

"होती," ती म्हणाली. "थोडीफार."

"फार चांगली बाई." त्याने भिंतीकडे पाहिले. "ह्या सगळ्या कुंड्या तिच्या. लोक जाताना टाकून गेले, तिनं जगवल्या. मला सगळे सांगत होते कुणी गेलं नाही म्हणून. पण ती कुठं दिसत नाही बघा सकाळपासून. तेव्हाच समजलो. आता पाणी कोण घालणार, तेवढंच सुचत नाहीये."

"मी घालीन," ती म्हणाली. "तुम्ही काळजी करू नका."

पुढचा घोळका आला. त्याने तिचा हात सोडला आणि समोर आलेल्या माणसाचा घेतला.

रात्री दहा वाजता दार बंद व्हायचे, पण खिनेसने ते बरेच आधी, उजेड असतानाच लोटले. आज कुंड्यांना पाणी घालायचे आहे, उद्या या, असे त्याने बाहेर उरलेल्या लोकांना सांगितले. जाताना त्याने एकही विनोद केला नाही. नुसती मान लववली आणि गेला.

आरासेलीचा फोन आला तेव्हा फुएनसांता स्वयंपाकघरात उभी होती. बाबा कसे आहेत, काही झाले का, असे मुलीने विचारले.

"नाही. काही झालं नाही. दिवसभर शांत होता."

"खरंच?"

"खरंच. लोकांत रमला." खिडकीतून तिला अंगण दिसत होते. आन्सेल्मो वेताच्या खुर्चीत बसला होता, कोटाची बटणे लावलेली. "उद्या गाडी घेऊन ये."

मग आरासेलीने विचारले, "आई, तू तर म्हणत होतीस..."

"म्हणत होते. ये तू."

तिने फोन ठेवला आणि कोपऱ्यातली काठी घेतली, टोकाला पत्र्याचा डबा बांधलेली. विहिरीतून शेंदलेल्या पाण्यात डबा बुडवून तिने तो वरच्या ओळीतल्या कुंडीवर नेला आणि अलगद कलता केला.

"तिकडून नाही," आन्सेल्मो खुर्चीतून म्हणाला. "ती डावीकडून सुरुवात करायची. डावीकडच्यांना ऊन आधी लागतं, त्या आधी तहानतात."

हे त्याला कधी तरी तिनेच सांगितले होते. आज घाईत ती स्वतःच विसरली होती. ती डावीकडे गेली. तो लक्ष ठेवून होता. डबा जास्त कलला की हात किंचित उचलून तिला थांबवत होता. मातीचा ओला वास अंगणभर पसरला. कुंड्यांच्या बुडातून पाणी ठिबकून भिंतीच्या चुन्यावर काळपट ओघळ उमटत होते आणि बघता बघता वाळत होते.

ओळ संपली तेव्हा तो म्हणाला, "तुमचा हात चांगला आहे. तुम्ही परत याल ना?"

"येईन."

"मी इथं नसलो तरी?"

"तुम्ही असाल तिथं येईन," ती म्हणाली.

त्याचे समाधान झाले. त्याने डोळे मिटले. पिंजऱ्यावर पुन्हा काळा रुमाल होता, चारी बाजूंनी नीट ओढलेला. तो तिच्या खिशातून त्याने कधी काढून घेतला, ते तिला समजले नव्हते. तिने तो तसाच राहू दिला.

मग स्वयंपाकघरातून सुई-दोरा आणि ती गुंडाळी आणली, दुसरी खुर्ची त्याच्या शेजारी ओढली आणि त्याच्या अंगातला कोट झोप न मोडता हळूहळू उतरवून घेतला. उजेड अजून पुरेसा होता. कॉलरच्या आतल्या बाजूला तिने फीत धरली, आणि नावाच्या डावीकडून पहिला टाका घातला.